स्वतःच्याच अर्जाला उत्तर

साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली, पण नजर खिडकीबाहेर. "दुधाणे मॅडम, न्यायाधिकरणात कार्यालयाचं उत्तर दाखल करायचंय. मुद्देसूद उत्तर तुमच्याशिवाय इथं कुणाला जमतंय?"

मंगलाताईंनी फाइल उघडली आणि त्यांना हसूच फुटलं. अर्ज त्यांचाच होता. त्यांना डावलून त्यांच्याच हाताखाली शिकलेल्याला बढती दिली, म्हणून त्यांनी कार्यालयाविरुद्ध दाद मागितली होती. आता कार्यालयाच्या वतीनं त्यांनीच स्वतःला खोडून काढायचं. असला आचरटपणा सरकारी कचेरीतच चालतो. त्या नाही म्हणणार होत्या. पण उत्तरात डावलण्याचं कारण लिहावंच लागणार होतं. वर्षभर त्या तेच विचारत होत्या आणि सगळे विषय बदलत होते.

त्या भराभर लिहीत गेल्या. अर्जदार ज्येष्ठ आहे, हे खरं. परीक्षा उत्तीर्ण आहे, खरं. शेरे उत्तम आहेत, तेही खरं. मग पेन अडलं. फाइल घेऊन त्या सरळ केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, मला का डावललं, तिथं काय लिहू?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "अशा ठिकाणी एरवी काय लिहिता?"

"कारण असलं तर कारण लिहिते. काहीच नसलं, की 'अर्जदाराचे म्हणणे मान्य नाही' एवढंच लिहून पुढं जाते."

"मग तेच लिहा."

मंगलाताईंनी उभ्याउभ्याच ते वाक्य लिहिलं आणि फाइल पुढं सरकवली.

"वर्षभर हेच विचारत होते, साहेब. करा आता सही."