दीड वीत

"बघा भावजी, टोमॅटोची रोपं नुसती सुतासारखी लांब झालीत," असं म्हणत शेजारच्या इंदूताईंनी ट्रे पुढे केला आणि केसरकरांनी नजर चुकवली.

घरात वाढवायच्या रोपांसाठी कुठला एलईडी दिवा घ्यायचा, हे अख्खी सोसायटी त्यांनाच विचारायची. 'छताला टांगा,' हेही त्यांनीच सांगितलं होतं. मग त्यांच्याच घरची रोपं लांबच्या उजेडाकडे ताणत जाऊन लोळली, तेव्हा त्यांना कळलं, दिवा रोपांपासून दीड वीतच हवा. चूक सांगायचं सोडून त्यांनी नर्सरीतून आणलेली जोमदार रोपं आपल्या दिव्याखाली मांडली आणि ग्रुपवर फोटो टाकला.

"तुमचा फोटो बघून पुन्हा पेरलं. ह्यांनी जपलेलं शेवटचं बी होतं हो," ताई म्हणाल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षीच गेले होते. "माझ्याच हाताला यश नाही."

केसरकर खाली बसले. एकेक रोप उचलून त्यांनी पानांपर्यंत मातीत खोल पुरलं. टोमॅटोच्या दांड्यालाही अशाने मुळं फुटतात.

"जगतील. दिवा मात्र खाली घ्या, दीड वीत."

"पण छताला म्हणाला होतात ना?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. "ते... मोठ्या रोपांसाठी," असं तोंडून गेलं.

"मग मीच नीट ऐकलं नसेल." ताईंनी डोळे पुसून फोन उचलला. "थांबा, ग्रुपवर टाकते. भावजी होते म्हणून बी वाचलं."

"नको, खरंच नको."

"अगंबाई, केवढा तो विनय!"

मातीने भरलेले हात कुठे लपवावेत, ते केसरकरांना कळेना.