कुमुदचा गंधार

लिहिलेले सूर वाजवून दाखवणारं तिसरं सॉफ्टवेअरही केळुसकरांनी नापास केलं. बायकोची, कुमुदची अंगाई तिच्या चुकीसकट लिहून ठेवायची, एवढीच त्यांची हौस होती. चाळीस वर्षं तिचा गंधार हटकून थोडा खाली लागायचा आणि चाळीस वर्षं ते तिला टोकायचे. आता ती गेल्यावर त्यांना तोच उतरलेला गंधार हवा होता.

"मी उतरलेला गंधार लिहितो आणि हे वाजवून दाखवतं शुद्ध!" ते सॉफ्टवेअरच्या दुकानातल्या ऋजुतावर डाफरले. "सुधारायला सांगितलंय कुणी?"

ऋजुताने पुन्हा एकदा ऐकलं. "काका, तिन्ही सॉफ्टवेअर तुम्ही लिहिलंय तसंच वाजवतायत. मला तो उतरलेलाच ऐकू येतोय."

"मग मलाच कसा शुद्ध ऐकू येतो?"

तिचं लक्ष त्यांच्या श्रवणयंत्राकडे गेलं. "हल्लीची यंत्रं बेसूर आवाज आपणच सुरात आणून ऐकवतात. हे कधी घेतलंत?"

"दोन वर्षांपूर्वी. दिवाळीत."

केळुसकरांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. ऋजुताचे नुसते ओठ हलताना दिसू लागले.

त्याच दिवाळीनंतर एका दुपारी कुमुद नातीला थोपटत गात होती. ते ताडकन उठून म्हणाले होते, "लागला गं, लागला एकदाचा तुझा गंधार!" तिचे डोळे भरून आले होते. मग जाईपर्यंत ती रोज त्यांच्याजवळ बसून तीच अंगाई गात राहिली, नात झोपलेली असली तरी.