निर्वातातला स्फोट

“आधी तो आवाज बंद करा!” सर ओरडले.

समोरच्या पडद्यावर यान फुटलं होतं आणि ध्वनिमिश्रणाच्या त्या खोलीतल्या खुर्च्या अजून थरथरत होत्या. सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, या चित्रपटाचे विज्ञान सल्लागार. त्यांचा प्रत्येक सल्ला सगळ्यांनी आदरानं ऐकला होता आणि एकही पाळला नव्हता. चंद्रावर नायकाची झुलपं वाऱ्यानं भुरुभुरु उडत होती. खलनायक भाषण ठोकायचं म्हटलं की हेल्मेट काढत होता. धूमकेतूला तर चक्क आग लागली होती. नायिकेनं ती बादलीनं विझवली नाही, एवढंच नशीब.

“सर, दोन महिने खपलोय हो या आवाजासाठी,” ध्वनिसंयोजक कळवळला. “लोखंडी कपाट गच्चीवरून खाली टाकलं!”

“अहो, पण तिथं हवा नसते! हवाच नाही तर आवाज येणार कुठून? शाळेतलं पोरगंही सांगेल.”

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. “सर, लोक काय शास्त्र शिकायला येतात का? कप्तानबाई मरतेय तिथं. आवाजच नसला तर कुणाला काय वाटणार?”

“मग माझं नाव काढून टाका. माझे विद्यार्थी बघतील हे. त्यांना काय तोंड दाखवू मी?” भांडायची सवय नसल्यामुळे सरांचा आवाज कापत होता.

शेवटी दिग्दर्शकानंच हात टेकले. ध्वनिसंयोजकानं तोंड पाडून बटण खाली सरकवलं.

पहिल्या खेळाला सरांची बायको आली. त्यांच्याबरोबर चित्रपट बघणं तिनं केव्हाच सोडलं होतं. अंधार झाला की हे कानाशी लागणार, “अगं, तिथं हवा नसते,” आणि आजूबाजूचे वळून वळून बघणार. पण आज पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं.

आज मात्र सर गप्प होते. झुलपं उडाली, गप्प. धूमकेतू पेटला, तरी गप्प. सल्लागारानं नावं तरी कुणाला ठेवायची? ते फक्त स्फोटाची वाट बघत होते.

पण आजवर त्यांनी चित्रपट तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. सलग आजच बघत होते. कप्तानबाईनं सगळ्यांना छोट्या यानात बसवलं. स्वतः मागंच राहिली आणि दार लावता लावता म्हणाली, “पोचलात की कळवा.”

सर खुर्चीच्या कडेवर आले.

यान फुटलं. पडदाभर उजेड, आणि आवाज अजिबात नाही. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून स्वच्छ ऐकू आलं, “धडाम!”

“कोण आहे ते?” दिग्दर्शक पुढच्या रांगेतून तणतणत उठला. सगळे वळून बघू लागले. सरांनी दोन्ही हात तोंडावर दाबले होते, पण डोळे अजून पडद्यावरच होते.

बायको त्यांच्या कानाशी लागली.

“अहो, तिथं हवा नसते.”