पिवळा ठिपका

"निळे ठिपके माझे आहेत आणि तेच जास्त आहेत," केतकीने पडद्याकडे बोट दाखवत भावाला, निनादला, बजावलं. प्रयोगशाळेत येणारी सगळीच भावंडं अशी भांडत, त्यामुळे संशोधक शबाना नुसती हसली. मूल पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या अंगात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. शबानाने आईला टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य नेमकं अशा परक्या पेशींनाच चिकटायचं आणि पडद्यावर प्रत्येक मुलाचा रंग वेगळा दिसायचा.

तेवढ्यात तपासणीच्या टेबलावर असलेल्या त्यांच्या आईच्या, सरोजिनीबाईंच्या, हृदयापाशी एक पिवळा ठिपका उमटला. तिसरं मूल तर नव्हतं. टेबलावर द्रव्य सांडलं असेल म्हणून शबानाने किरणोत्सार मोजणारा काउंटर फिरवला, पण टेबल स्वच्छ होतं. मग तिने यंत्राला त्या पेशीचं नातं जुळवायला लावलं आणि ती खुर्चीतून उठलीच.

"काकू, पेशी दोन्हीकडून जातात, आईकडून मुलातही. ही तुमच्या आईची आहे."

सरोजिनीबाईंना जन्म देतानाच त्यांची आई गेली होती. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

"किती वेळ दिसेल?"

"संध्याकाळपर्यंत. मग किरणोत्सार ओसरतो."

"मग तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा," त्या मुलांना म्हणाल्या. "मी जरा आईजवळ बसते."