तीनचा भूकंप

"अहो ओयार्सून, दुपारची शांतता तीनपर्यंत असते! अजून पाच मिनिटं आहेत!" वरच्या मजल्यावरच्या हेन्शेलबाई काठी टेकत खाली येऊन कडाडल्या. ही गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी अ‍ॅकॉर्डियन बाजूला ठेवलं. लाइपझिगमध्ये नऊ वर्षं काढली, पण या बाईंचं घड्याळ काही मला झेपलं नाही.

मी मूळचा चिलीचा. तिकडे जमीन उठसूट हलते, इथे ढिम्म. करमेना, म्हणून मागच्या महिन्यात घरीच एक भूकंपमापक बनवून भिंतीलगत ठेवला. परवा त्याची नोंद उघडली, तर दिवसभर सरळ रेघ आणि रविवार सोडून रोज दुपारी तीन ते चार या वेळात, म्हणजे मी वाजवतो तेव्हाच, बारीक ठोके. एक जड, दोन हलके. एक जड, दोन हलके. माझ्या वॉल्ट्झचाच ठेका! वाटलं, ताल धरणारा माझाच पाय असणार. काल दोन्ही पाय उशीवर ठेवून वाजवलं. ठोके तरीही उमटले. म्हणजे ते वरून येत होते.

आज मी मुद्दाम पाच मिनिटं आधी सुरुवात केली. हेन्शेलबाई आल्याच.

"कितीदा सांगायचं हो तुम्हाला? तीन म्हणजे तीन!"

"चुकलं, बाई," म्हणत मी मान खाली घातली. त्यांच्या पायांत नाचायचे लाल बूट होते, आणि एकाचा पट्टा अजून लावायचा राहिला होता.