भराव

आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा त्या लॅबमध्ये दंडकच होता. तरीही थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या जठराचा तुकडा लॅबमधले तंत्रज्ञ काका यांनी मेणात बसवला, स्वतःच कापला आणि काप चढवलेली काच डॉक्टर मॅडमच्या पुढ्यात ठेवून तिथेच घुटमळत राहिले. छत्तीस वर्षं ते हेच काम करत होते. उगाच घुटमळणारा माणूस नव्हता तो.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. कर्करोगाची एकही पेशी सापडेना. होत्या त्या फक्त जखम भरून काढणाऱ्या लांबट पेशी, एकमेकींना खेटून बसलेल्या.

जखम भरतेय, असं काका अक्काला सांगूनही बसले होते. आईमागे त्यांना वाढवणारी ही थोरली बहीण आता निर्धास्त होती. परवा ती लेकीकडे निघणार होती, चार महिन्यांसाठी.

मॅडमचं समाधान झालं नाही. एवढ्याशा जखमेला एवढा भराव कशाला, असं म्हणत त्यांनी आणखी खोल कापायला सांगितलं. तुकडा संपला, काका म्हणाले. त्यांच्या हातून तुकडा वाया गेल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी काकांना त्याच सूक्ष्मदर्शकाच्या समोरच्या, दुसऱ्या माणसासाठीच्या भिंगाशी बसवलं.

"या पेशी भाबड्या असतात, काका. हाक आली की धावतात आणि विणत बसतात. हाक जखमेची की गाठीची, ते बघत नाहीत. गाठीलाही पांघरूण घालतात, तिलाही पोसतात. आणि आपल्याला वाटतं, बरं होतंय."

काका भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. घडीत दुसरी काच होती, त्याच तुकड्याच्या खोल थराची. ती त्यांनी मॅडमच्या पुढे ठेवली.

त्यांनी काच लावली. भरावात दडून बसलेल्या कर्करोगाच्या पेशी लगेच दिसल्या, एकेकट्या, बऱ्याच.

"कधी केलीत ही?"

"सोमवारी."

आज गुरुवार होता. मॅडमनी शस्त्रक्रिया विभागाला फोन लावला, उद्या सकाळची वेळ मागून घेतली आणि अक्कांचं जाणं थांबवा, असं काकांना सांगितलं.

काका उठले. दारापर्यंत जाऊन वळले.

"मी तिच्याशी खोटं नाही बोललो, मॅडम," ते म्हणाले. "भरतेच आहे ना ती जखम."