धंद्याचा रकाना

शिरगणतीचे मास्तर पिंगुळीतल्या म्हाताऱ्या चित्रकथ्याच्या अंगणात टेकले. "धंदो काय रे बाबा?" "देवळात चित्रां दाखवन रामाची गोष्ट सांगतंय." "लोक तांदूळ घालतत, म्हणजे भीकच मां?" मास्तरांनी गणतीच्या चिठ्ठीवर धंद्याच्या रकान्यात 'भिकारी' लिहिलंसुद्धा. म्हातारा भांडला नाही; चित्रांच्या पोथीची गाठ सोडून वीणेवर गाऊ लागला. सीता अशोकवनात पोचली आणि मास्तर उठले. "मास्तरांनू, सोडलेली पोथी गोष्ट संपल्याशिवाय बांधूची नसता." मास्तर हसत निघाले, पण वीणा मागोमाग आली. फळ्यावर लिहिताना, जेवताना तीच तार. पंधरवड्यानं, मधल्या काळात मेलेल्यांची नावं खोडायला ते परतले. म्हातारा गेला होता; पोथी उघडीच, वर अशोकवनातली सीता. "ते तुमची वाट बघीत होते," त्याची म्हातारी म्हणाली. मास्तरांनी चिठ्ठीवरचं नाव तसंच ठेवलं, 'भिकारी' खोडून 'चित्रकथी' लिहिलं आणि मांडी घातली. "आजये, फुडची गोष्ट तुका येता?"